न पोचलेलं रीळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. तिच्या गल्ल्यामागे बसणाऱ्या बाईला सगळं गाव 'थोरली' म्हणतं. हे तिचं नाव नव्हे. खरं नाव सांगितलं तर निम्म्या गावाला ती कोण ते कळणारही नाही. थोरली ही एका सिनेमातली बहीण. तो सिनेमा गावात लागला तेव्हा आम्ही दोघी विशी ओलांडलेल्या मैत्रिणी होतो, आणि गावातली प्रत्येक बाई तो निदान दोनदा पाहून डोळे सुजवून घरी आली होती.

गोष्ट साधी होती. बाप वारल्यावर थोरली बहीण छापखाना चालवते, धाकट्या भावाला शिकवते, स्वतःचं ठरलेलं लग्न मोडते. भाऊ मोठा होतो, त्याचा संसार सुरू होतो, आणि ज्या घरासाठी ती झिजली त्याच घरात तिची अडचण होऊ लागते. मग एका सकाळी ती शाईने माखलेला एप्रन काढून यंत्रावर ठेवते, भावाच्या डोक्यावरून हात फिरवते आणि एक शब्द न बोलता मोकळ्या रस्त्याने चालू लागते. ती लहान लहान होत जाते, रस्ता लांब लांब होत जातो. तेवढ्यात थिएटरातले दिवे लागायचे. आम्ही रुमालाने नाक पुसत बाहेर पडायचो आणि घरापर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही.

माझ्या मैत्रिणीचे वडीलही तेव्हा नुकतेच गेले होते. लाँड्री तीच चालवत होती. तिचा धाकटा भाऊ शेजारच्या गावी कॉलेजात होता. वडिलांनी दुकान दोघांच्या नावावर ठेवलं होतं. सिनेमा उतरला त्याच महिन्यात तिने आपला हिस्सा भावाला देऊन टाकला. गावाला कळलं तेव्हा कौतुकाला ऊत आला. "अगदी सिनेमातली थोरली," असं जो तो म्हणू लागला, आणि ते नाव तिला असं चिकटलं, की किती धुण्यात टाकलं तरी निघालं नाही.

फरक एवढाच, की सिनेमातली निघून गेली आणि आमची राहिली. मालक भाऊ, काम हिचं. सकाळी कुलूप काढायची ती, वाफेच्या प्रेससमोर उभी राहायची ती, गिऱ्हाइकांची बोलणी खायची तीही तीच. खायची म्हणजे आपलं म्हणायचं. थोरली कोणी सोशीक मूर्ती नव्हे. एकदा एका बँकेतल्या साहेबांनी शर्ट पुढे करून सांगितलं, "हा डाग चहाचा आहे." हिने शर्ट नाकाशी नेला आणि विचारलं, "कुठल्या बाटलीतला चहा?" साहेब त्यानंतर बायकोच्या हातून कपडे पाठवू लागले. पण भावाबद्दल, त्याच्या मालकीबद्दल तिच्या तोंडून वाकडा शब्द मी कधी ऐकला नाही.

यंदा भावाने दुकान बंद करायचं ठरवलं. ठरवलं त्याच्या मुलाने, मान डोलावली भावाने. जागा एका मोबाइलच्या शोरूमला द्यायची होती. हा पुतण्या माझा विद्यार्थी. मनाने चांगला, पण दुसऱ्यांच्या वतीने निर्णय घेऊन त्यात त्यांचंच भलं आहे असं मानायची त्याची सवय शाळेपासूनची. एकदा वर्गाच्या वतीने उभा राहून तो मला म्हणाला होता, "बाई, आज गृहपाठ नको असं आमचं एकमत झालंय." वर्गाला हे एकमत माझ्याइतकंच नवीन होतं. आता तो आत्याला म्हणाला, "आत्या, तू खूप केलंस. आता फक्त आराम." आत्याला कोणी विचारलं नव्हतं. आरामाची बातमी दिली होती.

ती "बरं" म्हणाली. मी दुपारी दुकानात गेले तेव्हा ती उशांचे अभ्रे घडी घालत होती.

"अगं, बरं काय म्हणतेस? दिवसभर तू वरच्या खोलीत बसून करणार काय?"

"दुकान त्याचं आहे, बाई." मी शाळेत लागले त्या दिवसापासून ती मला 'बाई' म्हणते आणि अगंतुगं मात्र सोडत नाही. "दिलं ते दिलं. तोंड वर करून परत मागू? थोरलीने मागितलं होतं का?"

सिनेमा मीही तिच्याच शेजारी बसून पाहिला होता.

दुकान बंद व्हायला थोडे दिवस उरले असताना पुतण्या हसत हसत आला. "आत्या, तुझा सिनेमा सापडला. रविवारी सगळे मिळून बघू. बाई, तुम्हीपण या." आत्याच्या निरोपाला हीच भेट योग्य असं त्याला वाटलं होतं, आणि प्रेमानेच वाटलं होतं, हे मी सांगायला हवं.

रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर आम्ही पाच जण जमलो. थोरली, तिचा भाऊ, भावजय, पुतण्या आणि मी. इतक्या वर्षांनी पुन्हा पाहताना थोरली पहिला तासभर लहान मुलीसारखी झाली होती. पुढचं वाक्य नटीच्या आधी ती म्हणायची. मध्येच म्हणाली, "एवढ्या शाईत काम करून हिचे कपडे असे पांढरेशुभ्र? लाँड्री कोणाची गं ही?" भावजय चहा गाळता गाळता खुदकन हसली.

मग तो प्रसंग आला. एप्रन काढला, डोक्यावरून हात फिरला, बाई रस्त्याला लागली. माझेही डोळे भरून आले होते. एवढ्यात धाकटा भाऊ उठला. "संपलं. खिडकी उघड रे," असं मुलाला म्हणत त्याने रिमोट उचलला.

पडद्यावर रस्ता तसाच होता. आणि त्या रस्त्यावरची बाई थांबली.

"थांब," थोरली म्हणाली.

"आता काय, नावंच येतील."

"ठेव ते खाली."

मी आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचत आले. ज्याला उत्तर येत नाही तो मुलगा बाईंकडे बघतो. ज्याला येतं पण विचारलं जाऊ नये असं वाटतं, तो चपलेकडे बघतो. धाकटा चपलेकडे बघत होता.

पडद्यावरची बाई एका दगडावर बसली. चप्पल काढून तिने आतला खडा झटकला, चप्पल पुन्हा घातली आणि आल्या वाटेने मागे फिरली. छापखान्यात शिरली. भाऊ म्हणाला, "काही विसरलीस का, ताई?" ती म्हणाली, "यंत्र बंद कर. मी बोलेन ते नीट ऐकू आलं पाहिजे." पुढची वीसेक मिनिटं ती बोलली. ओरडली नाही, रडली नाही. भावाच्या तोंडावर तिने निम्मा छापखाना मागितला, दोन यंत्रं हातगाडीवर चढवली आणि समोरच्याच बाजूला स्वतःचा छापखाना थाटला. शेवटी भाऊ रस्ता ओलांडून तिच्या दारात येतो, तिचे पाय धरतो, आणि मग नावं येतात.

पुतण्याने टाळी वाजवली. "भारीच शेवट आहे की. आत्या, तू कधी सांगितलं नाहीस असा आहे म्हणून."

"मला माहीत नव्हता," थोरली म्हणाली.

भावजयीने हातातला ट्रे स्टुलावर ठेवला. "मी सांगितलं होतं, वन्सं. लग्न होऊन या घरात आले तेव्हाच. सिनेमाचं बोलणं निघालं आणि मी म्हटलं, ती परत येते ना. तुम्ही सगळे हसलात. हे म्हणाले, तू दुसराच कुठला तरी बघितला असशील." ती नवऱ्याकडे वळली. "मग मलाही तसंच वाटायला लागलं. इतकी वर्षं मी स्वतःला वेंधळी समजतेय."

"अगं, चहा निवतोय," धाकटा म्हणाला.

"निवू दे."

थोरलीने भावाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"इतकं जुनं आता कोणाला आठवतंय, ताई."

"रिमोट उचलताना आठवलं तुला. मी दुकान दिलं त्याच्या आधी माहीत होतं की नंतर?"

"घरात लोक आहेत, ताई."

लोक म्हणजे मी. थोरली उठली, चहा न घेता जिना उतरून गेली. पुतण्याला काय झालं ते कळेना. तो मला विचारत होता, "बाई, यात चिडण्यासारखं काय होतं? जिंकलीच की शेवटी ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. "चल. ऑपरेटरकाकांकडे जायचंय."

थिएटर बंद पडून जमाना झाला. तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. मागच्या दोन खोल्यांत जुने ऑपरेटर राहतात. वय झालंय, दृष्टी अधू झालीय, पण बोलण्याची हौस जशीच्या तशी. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. थोरलीने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "काका, त्या सिनेमाचा शेवट कुठे गेला?"

त्यांना कोणता सिनेमा ते विचारावं लागलं नाही. ते हसले. "शेकडो सिनेमे दाखवले असतील, पण आठवण सगळ्यांना त्याचीच. अगं, तेव्हा शेजारचं गाव आणि आपण मिळून एकच प्रिंट यायची. खेळ तिकडे आधी सुरू, इकडे तासाभराने. तिकडे एक रीळ संपलं की सायकलवाला ते घेऊन इकडे. तो आला की मी ते चढवायचो. पहिल्याच दिवशी शेवटच्या रिळाची सायकल वाटेत पंक्चर झाली. इकडे ती बाई रस्त्याला लागलेली, रीळ संपलेलं, पडदा पांढरा. मी घाबरून दिवे लावले. म्हटलं, आता लोक खुर्च्या मोडतात. तर सगळे रडतायत आणि रांगेने बाहेर निघालेत. एक शिट्टी नाही. मॅनेजर वर आला, म्हणाला, हे रीळ आणूच नका उद्यापासून. सायकलवाल्याची एक खेप वाचेल आणि खेळ लवकर सुटेल."

"एका पंक्चरवर," थोरली म्हणाली.

"खिळा होता. मी स्वतः पाहिला," काका म्हणाले. तिला तेवढंच जाणून घ्यायचं असावं असं त्यांना वाटलं.

"कोणीच विचारलं नाही तुम्हाला?"

"रडत बाहेर पडलेला माणूस काय विचारणार? हां, एकाने विचारलं होतं. तुझ्याच भावाने. तो तिकडे शिकायला होता ना, त्याने तिकडे पुरा पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात सुट्टीला आला आणि केबिनमध्ये शिरून माझ्याशी भांडला. म्हणाला, अर्धवट सिनेमा दाखवून लोकांना फसवता, माझी बहीण घरी रडून रडून अर्धी झालीय, आजच जाऊन तिला खरा शेवट सांगतो. मी म्हटलं, सांग बाबा घरी, पण चौकात बोंबलू नकोस. त्याला एक फुकटचा पास दिला." काकांनी मान वर केली. "सांगितला नाही होय त्याने?"

परत येताना ती इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली. वाटेत कोणाची तरी स्कूटर फूटपाथवर आडवी लावलेली होती. तिने तिला एक लाथ घातली आणि पुढे गेली. मग माझ्यासाठी थांबून म्हणाली, "मला वाटत होतं, त्या खिळ्याचा राग येतोय. नाही येत. भावाचाच येतोय."

"नुसतं सिनेमावर तू दुकान दिलंस असं नाही गं," मी म्हटलं. "तुझा जीव होता त्याच्यावर."

"म्हणून तर येतोय."

दुकानात धाकटा गल्ल्यावर होता. पुतण्या आतल्या भिंतींची मापं घेत होता. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला वाटलं, आता ही यंत्र बंद कर म्हणणार. ती तसं काही म्हणाली नाही. उलट तिने प्रेस चालू केलं, एक पँट पसरली आणि वाफेच्या आवाजावर आवाज चढवून बोलायला लागली. गिऱ्हाइकांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"ऑपरेटरकाकांकडे जाऊन आले. पहिल्याच आठवड्यात तू त्यांच्याशी भांडलास, माझ्यासाठी. फुकट पासही घेतलास. मग घरी येऊन गप्प का बसलास?"

"ताई, वर जाऊन बोलू."

"इथेच. दुकानाचं बोलणं दुकानात."

धाकट्याने गल्ल्याच्या लाकडावर नख ओढलं. मग म्हणाला, आणि खरं बोलला याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत, "मी सांगणारच होतो. त्याच संध्याकाळी. घरात पाऊल टाकलं आणि तू म्हणालीस, दुकान तुझ्या एकट्याच्या नावावर करू या. मग मी..."

"मग तू काय?"

"म्हटलं, आता शेवट सांगितला तर तू विचार करशील."

तिने प्रेसचं झाकण दाबलं. वाफ वर गेली.

"केला असता," ती म्हणाली. "केलाच असता विचार. आणि कोणी सांगावं, विचार करूनही तुलाच दिलं असतं. तेवढंसुद्धा तू होऊ दिलं नाहीस. गावाने माझ्या देण्याचं इतकं कौतुक केलं, आणि ते देणंसुद्धा माझं राहिलं नाही. तू घेतलंस ते."

पुतण्या टेप गुंडाळत पुढे आला. "आत्या, पण सिनेमा बघून कोणी दुकान देतं का?"

"मी दिलं. मी गाढव होते. तुझा बाप गाढव नव्हता, म्हणून रागावतेय त्याच्यावर. तू मापं घेणं थांबव."

"ताई, तुला हवंय काय?" धाकटा म्हणाला.

"निम्मं दुकान. माझ्या नावावर, होतं तसं. मग बंद करायचं की नाही ते आपण दोघं ठरवू. आणि मी नाही म्हणणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते."

"लोक काय म्हणतील? दिलेलं परत घेतलं म्हणतील."

"लोकांनी अर्धाच सिनेमा बघितलाय. त्यांचं मत कशाला विचारतोस?"

जिन्यात भावजय कधीची उभी होती. ती खाली उतरली. "अहो, द्या करून."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच पडलेली आहे, लग्न झाल्यापासून. द्या करून. नाहीतर मी घरोघर जाऊन खरा शेवट सांगत सुटेन, आणि तुम्हाला तो कधीपासून माहीत होता तेही."

गिऱ्हाइकांपैकी एक बाई म्हणाली, "खरा शेवट म्हणजे?" भावजयीने तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली.

धाकट्याने करून दिलं. आनंदाने नव्हे. पाय धरणं वगैरे तर लांबच. महिनाभर तो, आपल्याकडून कोणीतरी सक्तीने कसला तरी दंड घेतल्यासारखा वावरत होता. शोरूम दुसरीकडे गेलं. पुतण्या आत्याशी कामापुरतं बोलतो. गावातल्या निम्म्या बायकांचं ठाम मत आहे, की तो शेवट मागाहून कोणीतरी जोडलाय आणि रस्त्याचाच शेवट खरा. उरलेल्या निम्म्या दुकानात येऊन म्हणू लागल्या, "आता तू खरी थोरली झालीस." त्यांना ती सांगते, "सिनेमाचं नाव काढणार असाल तर कपडे परत घेऊन जा. एकदा सिनेमा बघून वागले, आता पुन्हा नाही. समोर दुसरं दुकान मी टाकलेलं नाही. माझ्याच दुकानात उभी आहे."

मला आपलं वाटत होतं, हिस्सा परत मिळाला की हिचा राग उतरेल. मी तिला तसं म्हटलंही.

"दुकान मिळालं, बाई," ती म्हणाली. "पण तेव्हा जी विचार करू शकली असती, ती मुलगी कुठून मागू?" आणि टोपलीतल्या चादरी मोजायला लागली.

परवा मी माझे पडदे आणायला गेले होते. आता दोघं भावंडं दुकानात बसतात, एक गल्ल्यावर, एक प्रेसपाशी. माझ्यासमोरच धाकटा हळूच म्हणाला, "ताई, अजून किती दिवस अशी तुटक बोलणार आहेस?"

"का? घाई आहे?"

"तसं नाही."

"मग राहू दे. राग माझा आहे, सवडीने उतरेल तेव्हा उतरेल. बाईंचे पडदे दे त्यांना. वरच्या फळीवर आहेत, स्टूल घे."

धाकट्याने स्टूल घेतलं. ती मागे वळून बघत नव्हती, पण तो वर चढला तेव्हा तिचा एक हात स्टुलावर होता, आणि कपाळावरची आठी तशीच होती.